ब्रिस्को यांचा निर्णय अजून झालेला नाही

१४ जानेवारी

राज्याच्या राजधानीत विधानसभेचं अधिवेशन सुरू. अ‍ॅनापोलिसमध्ये हाडं गोठवणारी थंडी. यंदा बोलायचं कमी आणि बघायचं जास्त, असं ठरवलं आहे. इतकी वर्षं आमदार आहे, आता कुणाच्या पोटात काय आहे ते चेहऱ्यावरून कळतं.

बातमी फुटली. आमचा काउंटीप्रमुख, म्हणजे जिल्ह्याचा सर्वेसर्वा, थर्मन गॅडिस याला काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा स्वतःच्या ताब्यात हव्या आहेत. लोकांनी निवडून दिलेलं शाळा मंडळ बाजूला सारायचं, निम्मे सभासद यानेच नेमायचे, सगळ्या शाळांवरचा मुख्य अधिकारी, सुपरिंटेंडंट, तोही यानेच नेमायचा. कायदा बदलावा लागणार. त्यासाठी आधी आमच्या काउंटीच्या आमदारांची मतं लागणार. म्हणजे थोडक्यात माझं.

जेवणाच्या रांगेत हार्लन टूमीने विचारलं, काय लोन्झो, तू कोणीकडे? हा टूमी आमच्या आमदार-गटाचा अध्यक्ष, सभागृहात माझ्या शेजारीच बसतो. इतक्या सहज विचारलं की मी लगेच सावध झालो. म्हणालो, अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, बरं, आणि खेकड्याचं सूप घ्यायला निघून गेला. त्याचं ते "बरं" मला आवडलेलं नाही.

१७ जानेवारी

डाव ठरला. कुठेही बोलायचा नाही, म्हणून इथे लिहितो.

पुढच्या वर्षी निवडणूक. आमच्याकडे निवडून यायला दोन कागद लागतात. एक काउंटीप्रमुखाचं कार्ड, ते मतदान केंद्राबाहेर त्याची माणसं वाटतात. दुसरं शिक्षक संघटनेचं सफरचंद. सफरचंदाच्या आकाराचा लाल कागद, शिक्षक स्वतः उभे राहून प्रत्येकाच्या हातात देतात. लोक गाडीतून उतरतात, दोन्ही कागद घेतात, आत जातात आणि त्यावरची नावं बघून मत देतात. आमदाराचं तोंड कोणाला आठवतंय?

गॅडिसला हो म्हटलं की सफरचंद गेलं. नाही म्हटलं की कार्ड गेलं. बाकीचे आमदार एक काहीतरी निवडतील. मी दोन्ही घेणार. निर्णय सांगायचाच नाही. मग दोघंही झक मारत दारात येतील.

रात्री जेवताना व्हर्नेटाला अंदाज दिला. माझी बायको ओकहेवन शाळेची मुख्याध्यापिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. म्हणाली, ओकहेवनचा बॉयलर बंद आहे, वर्ग गारठलेत, पोरं अंगात कोट घालून गणितं करतायत, आणि तू कागदांचा हिशोब करतोयस? मी विचारलं, मग तुझं मत काय? म्हणाली, मंडळ नालायक आहे, पण ते आपण निवडलंय, आपणच घरी पाठवू. सगळ्या शाळा एका माणसाच्या खिशात घालायच्या नाहीत. झालं. दोन वाक्यांत विषय संपला. मनाने चांगली आहे, पण राजकारणात असं करून चालत नाही.

२९ जानेवारी

पेपरात कोण कोणीकडे ते छापून आलं. माझ्या नावापुढे: "ब्रिस्को यांचा निर्णय अजून झालेला नाही." कात्रण पाकिटात ठेवलं आहे.

आता फोन सुरू होणार. माझी सहायक योलांडा स्पाइट हिला बजावलं की गॅडिसचा किंवा शिक्षक संघटनेचा फोन आला तर मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग. संध्याकाळी विचारलं, किती आले? म्हणाली, एक. टायरवाल्याचा, गाडी तयार आहे म्हणून.

दोन्ही बाजू गप्प? मुद्दाम आहे हे. योलांडावर जरा लक्ष ठेवायला हवं. मला सांगताना ती कीबोर्डकडे बघत होती.

६ फेब्रुवारी

आली! शिक्षक संघटनेची अध्यक्ष कॉर्लिस वेब संध्याकाळी घरी आली, हातात घरी भाजलेला पाउंड केक. मी वर खोलीतच थांबलो, लगेच खाली उतरलो असतो तर घायकुतीला आल्यासारखं दिसलं असतं. अर्धा तास थांबलो. मग एक तास. खाली उतरलो तर बाई निघून गेलेली.

व्हर्नेटाला विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाली? म्हणाली, तू घरी आहेस का विचारलं, मी म्हटलं आहे, ती म्हणाली राहू दे, त्यांना उठवू नकोस. मग आम्ही शाळांबद्दल बोललो.

स्वयंपाकघरातून घरात शिरायचा डाव आहे. केकमध्येही काहीतरी हेतू असणार. चौकशी म्हणून दोन तुकडे खाल्ले. तिसरा खात्री करायला.

१५ फेब्रुवारी

आज जनसुनावणी. दोन्ही बाजूंचे लोक घोषणा छापलेले टी-शर्ट घालून आलेले. कुठल्याही बाजूशेजारी माझा फोटो यायला नको म्हणून मी मागच्या जिन्यात उभा राहिलो. तिथे थंडी फार.

नावं पुकारली जात होती, आणि एकदम "मिसेस व्हर्नेटा ब्रिस्को". मी दाराच्या फटीतून पाहिलं. माझीच बायको! माइकसमोर उभी राहिली आणि गॅडिसकडे सरळ बघत म्हणाली, मिस्टर गॅडिस, तुम्ही माणूस वाईट नाही, पण हा कायदा वाईट आहे. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण येईल ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. बॉयलरला पैसे द्यायला तुम्हाला आजही कोणी अडवलेलं नाही.

टाळ्या पडल्या. विरोधकांच्याही पडल्या. टूमी पुढच्या रांगेत हसत होता.

माझ्या कार्डाचा निकाल लागला. घरी येताना गाडीत मी म्हणालो, तुला कोणी पुढे केलं? नाव सांग. ती म्हणाली, अलोंझो (चिडली की पूर्ण नाव घेते), मी स्वतः नाव नोंदवलं, तुला सोमवारीच सांगितलं होतं, तू तेव्हा माझ्या फोनवरची नावं बघत होतास.

१६ फेब्रुवारी

सारवासारव. गॅडिसला निरोप पाठवला: माझ्या पत्नीची मतं ही माझी मतं नव्हेत. कॉर्लिस वेबला निरोप पाठवला: माझ्या पत्नीची मतं मनाच्या पातळीवर माझीच मतं आहेत.

दोन्ही निरोप योलांडानेच पाठवले. तिने दोनदा विचारलं, साहेब, नक्की ना? तिच्या आवाजात काहीतरी होतं.

२२ फेब्रुवारी

गॅडिसचा फोन आला. घरच्या फोनवर. मी उचलला. तो म्हणाला, कोण, लोन्झो? व्हर्नेटा आहे का?

कावेबाज माणूस. किल्ला पडत नाही म्हणून तटबंदीला हात घालतोय. मी फोन तिला दिला आणि कोटाच्या कपाटाशी, काहीतरी शोधतोय असं दाखवत उभा राहिलो. ती म्हणत होती, नाही. अजिबात नाही. तुम्ही कितीही वेळा विचारलंत तरी नाही. मग खळखळून हसली. मग म्हणाली, ते वेगळं, त्याचा विचार करते.

त्याचा म्हणजे कशाचा? विचारल्यावर म्हणाली, सांगते, जेवायला बस. मी म्हटलं, मला विकत घ्यायचं असेल तर त्याने माझ्याशी बोलावं, बायकोकरवी नाही! तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, मटारभात गार होतोय.

एवढं मात्र नक्की, गॅडिस घाबरलाय.

१ मार्च

आज मन भरून आलं.

जेवणाच्या टेबलावर व्हर्नेटा म्हणाली, आपल्या मतदारसंघातून असं कोणीतरी उभं राहायला हवं, जे हो असेल तर हो म्हणेल आणि नाही असेल तर नाही. योलांडालाही तसंच वाटतं. लोन्झो, मी तुला स्पष्ट सांगतेय, तुझं लक्ष आहे ना? मी म्हटलं, आहे. खरं तर समोर एक गाडी दिवे लावून बराच वेळ उभी होती, तिचा नंबर घेत होतो. (पिझ्झावाला निघाला. निदान पिझ्झाचा डबा तरी त्याच्या हातात होता.)

पण शब्द पोचले. घरची माणसं आपल्यामागे उभी आहेत! बाहेर सगळे टपलेले असताना हे केवढं बळ. तिला म्हणालो, व्हर्नेटा, तू जे म्हणालीस ते मी विसरणार नाही. तिने हात हातात घेतला आणि म्हणाली, मला वाटलं तू चिडशील. मी कशाला चिडू?

१२ मार्च

परवा गटाचं मतदान. नावं पुकारून, आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराने. इथे आमचं आडनाव आडवं येतं. ब्रिस्को म्हणजे दुसराच नंबर. इतक्या लवकर मत देऊन टाकलं की आपली किंमत संपली.

उपाय सापडला. नाव पुकारलं की "पास" म्हणायचं. नियमात बसतं. बाकी सगळ्यांची मतं झाली की पास म्हणणाऱ्याला पुन्हा पुकारतात. तोवर दोन्ही बाजू बरोबरीत अडकलेल्या असणार. सगळ्या खोलीच्या नजरा माझ्यावर. मी पाणी पिणार. मग उठणार. भाषण तयार आहे, दोन्ही शेवटांसह. आयत्या वेळी गॅडिस आणि कॉर्लिस यांच्यापैकी ज्याचा चेहरा जास्त पडलेला दिसेल, त्याचा शेवट वाचायचा. दुसऱ्याला नंतर समजावता येईल.

निळा सूट इस्त्रीला दिला.

१४ मार्च

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

टूमीने नावं पुकारायला सुरुवात केली. पहिलं मत, हो. मग मी. "पास." मागे कोणीतरी खोकलं, याचा अर्थ परिणाम झाला. पुढे हो, हो, नाही, हो, हो, नाही, हो. मी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. हो, हो. टूमीने हातोडा आपटला, म्हणाला, बहुमत झालं, प्रस्ताव मंजूर, मित्रहो, कोपऱ्यावरच्या हॉटेलात टेबल धरलंय, क्रॅब केक गरम आहेत तोवर चला.

मी उभा राहिलो. म्हणालो, अध्यक्ष महाराज, माझं राहिलं! खुर्च्या सरकवायच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. मग आलं. म्हणाला, अरे हो, लोन्झो, सांग पटकन, हो लिहू का नाही?

माझ्या हातात भाषणाचे दोन्ही शेवट होते. गॅडिस कोटाची बटणं लावत होता. कॉर्लिस दाराकडे निघालेली. दोघांपैकी एकही चेहरा मला दिसेना, दोघांच्याही पाठी. मी म्हणालो, मला थोडी पार्श्वभूमी मांडायची आहे. टूमी म्हणाला, मग राहू दे, आता काही फरक पडत नाही.

कट आहे. आद्याक्षराचा नियम कोणी केला ते शोधायला हवं.

२१ मार्च

संपूर्ण सभागृहात मंजूर. काउंटीच्या आमदारांनी ठरवलं की बाकीचे डोळे मिटून हो म्हणतात, तशी इथली रीत आहे. मतांचा फलक हिरवागार. मीही हिरवं बटण दाबलं. गर्दीत एक दिवा.

पेपरात गटाच्या मतदानाचा तपशील पुन्हा छापला. माझ्या नावापुढे नुसती आडवी रेघ.

नीट विचार केला तर हे उत्तमच झालं. गॅडिस म्हणू शकत नाही की मी विरोध केला. कॉर्लिस म्हणू शकत नाही की मी गटात पाठिंबा दिला. हात स्वच्छ. कार्ड आणि सफरचंद, दोन्ही आता आल्यातच जमा.

१२ एप्रिल

अधिवेशन संपलं. अजून कोणाचाही फोन नाही. योलांडाने नोकरी सोडली. म्हणाली, साहेब, दुसरं काम मिळालंय, मनासारखं आहे. कोणाकडे, ते सांगायला तयार नाही. म्हणाली, मिसेस ब्रिस्कोंनी तुम्हाला सांगितलंच असेल. यात माझ्या बायकोला का ओढते? टूमीने फोडली असणार तिला.

२३ एप्रिल

सकाळी व्हर्नेटा म्हणाली, आज निवडणूक कार्यालयात सोडशील का? माझा उत्साह आवरेना. एवढ्या लवकर अर्ज भरायचा म्हणजे विरोधकांची झोपच उडणार. निळा सूट चढवला. ती म्हणाली, छान दिसतोयस, पण एवढं कशाला? विनय म्हणतात तो हा.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर योलांडा उभी, बगलेत फाइल. तिने व्हर्नेटाला मिठी मारली. म्हणाली, सगळं तयार आहे, मॅडम, फक्त तुमची सही.

मॅडम. तुमची.

व्हर्नेटाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, लोन्झो, मी जानेवारीपासून किती वेळा सांगितलं. कॉर्लिस तेच विचारायला आली होती. शिक्षकांचं सफरचंद माझ्या नावाने छापलं जाणार. मग गॅडिसचा फोन आला. शाळांच्या कायद्याला मी नाहीच म्हटलं. तर म्हणाला, बाई, तोंडावर नाही म्हणणारं माणूस मला या काउंटीत सापडत नाही, माझ्या कार्डावर याल का? त्याचा विचार करते म्हटलं होतं. केला. तू म्हणालास चिडणार नाही, म्हणून मी पुढे गेले.

कार्ड आणि सफरचंद. दोन्ही. एकाच घरात.

दुखलं. इतके महिने जगातल्या प्रत्येक माणसावर नजर ठेवली, शेजारी झोपणारं माणूस तेवढं राहिलं. आणि तिने तर काही लपवलंही नव्हतं.

तिने विचारलं, तुला उभं राहायचं असेल तर मला आत्ता सांग, लोन्झो. हो की नाही. मी थांबते.

ती खरंच थांबली. योलांडाही थांबली. पायऱ्यांवरून लोक चढत-उतरत होते. मी म्हणालो, दोन्ही बाजूंचा नीट विचार करावा लागेल. व्हर्नेटाने माझा टाय सरळ केला आणि दार उघडून आत गेली.

मीही मागोमाग गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, तुम्ही उमेदवार? नाही म्हणालो. उमेदवाराबरोबर? हो म्हणालो. दोन्ही उत्तरं एका दमात दिली, तो चकित झाला नाही. म्हणाला, मग बाहेर बसा, बाक आहे.

बाकावर बसून हे लिहितोय. काचेतून दोघी दिसतायत. कशावर तरी हसतायत, माझ्यावर नसावं.