न पाहिलेले चौकोन

१२ नोव्हेंबर, माले
सकाळी भाकऱ्या, मग लॅपटॉप. हे गेल्यापासून इद्दत. ती संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. शेकरूचा नकाशा अर्धा. जनावर किंवा घरटं दिसलं तो चौकोन भरायचा. मोठे चौकोन पाडले की शेकरू सगळीकडे आहे असं वाटतं. बारीक केले की भोकं दिसतात. दोन्ही ताडून पाहून संख्येचा अंदाज काढायचा.
ताम्हिणीकडचे राहिले. पाऊस संपला की हे गाडीवरून नेणार होते.

१४ नोव्हें.
ज्यांच्यासाठी नकाशा करते त्या सरांचा फोन. "ताम्हिणीचे चौकोन रिकामे आहेत ना? मग शून्य धरा, आकडा द्या." म्हटलं, तिथं गेलेच नाही सर. "मग काम दुसऱ्या कुणाला देऊ का?" शून्य धरलं तर ताम्हिणीत शेकरू नाही असंच छापणार. मग बघायला कोण जाईल.

१५ नोव्हें.
सासूबाई दारातून, "हितं बसून जंगल मोजतीस व्हय?" स्वतःच हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लगेच पदर तोंडाला.
धाकटा दीर रफिक टेम्पो घेऊन घाटात जातो. त्याला म्हटलं, वर झाडांकडे लक्ष ठेव. "वर बगितलं तर म्या दरीतच जाईन भाभी!"

१७ नोव्हें.
रफिकने फोटो आणला. "केवढं घरटं हाय बगा!" आग्यामोहोळ. त्याला सांगितलं नाही. फोटो मोठा करून मागची झाडं पाहत राहिले. काही कळत नाही.

१९ नोव्हें.
आमच्या घराच्या चौकोनात मीच शून्य टाकलंय. न बघता. घर म्हणून.
दुपारभर परसात बसले. उंबर, आंबा, मागची झाडी. खारी, कावळे. शेकरू नाही. लिहिलं: पाहिलं, नाही. ताम्हिणीच्या प्रत्येक चौकोनात लिहिलं: पाहिलेलं नाही. सरांना पाठवलं. आकडा दिला नाही. इद्दत संपल्यावर मी जाईन, तोवर थांबा, एवढंच खाली.

२१ नोव्हें.
उत्तर नाही. काम राहिलं की गेलं, कळायला मार्ग नाही.
रफिक सासूबाईंना पौडला डॉक्टरकडे घेऊन गेला. जाताना सासूबाई, "आतनं कडी लाव गं." लावली. फोन पाहिला. पुन्हा पाहिला. मग भाताला तांदूळ काढले, मापटं भरून. भात एकटीलाच होता. निम्मे परत डब्यात ओतले, उरलेले धुतले.