आत्या, जावई आणि साहेब: एक तौलनिक अभ्यास

सोमवार, ४ मे. सकाळी ६.१०
आजपासून रोज नोंद. अठरा वर्षं झाडं छाटतोय, पण कागदावर एक ओळ नाही. धंद्यात शिस्त हवी.
नवं काम आलंय. शाळेच्या फाटकाजवळच्या झाडाची मोठी वाळकी फांदी. बरोबर तिच्याखाली बाक. शाळा सुटली की लहान मुलं त्यावर बसून घरच्यांची वाट बघतात. शाळा एक जूनला उघडते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्याआधी फांदी उतरलीच पाहिजे. म्हटलं, बाई, निश्चिंत राहा, हा माझ्या डाव्या हातचा मळ.
उद्या चढतो.

मंगळवार, ५ मे
चढलो नाही. कारण तांत्रिक आहे. फांद्या कापायचा जुना चेनसॉ बेभरवशाचा. फेब्रुवारीत त्यानेच घात केला. बायको सगळ्यांना सांगत सुटलीय की हे झाडावरून पडले. मी पडलो नाही. चार फूट खाली आलो, दोराने धरलं, आणि तिथे वीस मिनिटं लटकून पुढचं नियोजन केलं. खाली दोर धरून नेहमी तीच उभी असते, त्यामुळे तिला वेगळ्या कोनातून दिसलं.
ठरलं. नवा घ्यायचा. छोटा, वरच्या मुठीचा. याची मूठ मागे नसते, डोक्यावर असते, म्हणून फांद्यांच्या गर्दीत चालवायला सोपा. पण डोळे झाकून घ्यायचा नाही. तुलना करून.

गुरुवार, ७ मे
दुकानदार जुन्या ओळखीचा. तीन मशीनं महिनाभर वापरून बघा म्हणाला. ओळखायला सोपं जावं म्हणून मी त्यांना नावं दिली.
आत्या: पेट्रोलवाली. दहा वेळा दोरी ओढून विनवण्या केल्यावर बोलते. एकदा सुरू झाली की कान किटेपर्यंत थांबत नाही.
जावई: बॅटरीवाला. देखणा, आवाज मऊ. वीस मिनिटं काम केलं की पडून राहतो. मग चार्जरला लावून सरबराई.
साहेब: हाही पेट्रोलवाला. एका झटक्यात सुरू होतो, पण इतका वजनदार की समोर आपणच वाकतो.
बायको म्हणाली, अहो, तिन्ही चांगली आहेत, कुठलंही घ्या आणि चढा. तिला संशोधनाची ओढ नाही.

शनिवार, ९ मे
माहितीपुस्तिका वाचल्या. तिन्हींत पहिल्याच पानावर लिहिलंय की हे मशीन फक्त झाडावर चढून वापरायचं, जमिनीवर नाही. लिहिणाऱ्याचा अभ्यास कच्चा वाटतो.
तरी उंचीची अट पाळली. जेवायच्या टेबलावर चढलो. चक्कर आली. पेट्रोलच्या वासाने. (हातात जावई होता. पण आत्या खोलीत होती.)

मंगळवार, १२ मे
चाचणीसाठी लाकूड हवं. लाकूड झाडावर. घोडं तिथेच अडलं. शेवटी टेबलाचा एक पाय घेतला. तो तसाही डुगडुगायचा.
बायको बहिणीकडे गेली. हल्ली दर मंगळवारी, शुक्रवारी जाते. मोठी पिशवी घेऊन. आपला चांगला दोरही दिसत नाही. मेव्हणीला कपडे वाळत घालायला लागला असेल. पंचेचाळीस मीटर. माणसं बरीच आहेत त्यांच्याकडे.

शनिवार, १६ मे
टेबलाचे उरलेले पाय, अंगणातला बाक, कपड्यांची काठी. आत्या वेगात पुढे, जावई सफाईत, साहेब दोन्हीकडे मधे. पण शितावरून भाताची परीक्षा मला मान्य नाही. आणखी शितं हवीत.
जमिनीवर बसून जेवताना बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाचा इथे काय संबंध? बाक होता फक्त.

बुधवार, २० मे
बायकोच्या तळहातांना घट्टे पडलेत. गुडघेही खरचटलेत. मेव्हणी तिला राबवून घेते, दुसरं काय. जाऊन खडसावणार होतो, पण नात्यात वितुष्ट नको. हळद लाव म्हटलं.

शुक्रवार, २२ मे. संध्याकाळी ५.३०
मुख्याध्यापिकांचा फोन. दुपारी वारा सुटला आणि वाळक्या फांदीचं टोक तुटून बाकावर आलं. तिथे कुणी नव्हतं. बाकाची पाठ मोडली.
बाकाचा दर्जा सुमारच होता.
किती उंचीची मुलं बसतात त्यावर? पाठीच्या वर डोकं येत असेल.
अक्षर आज नीट येत नाहीये. पेन बदलायला हवं.

सोमवार, २५ मे
उद्या नक्की चढणार. काळ्या दगडावरची रेघ. फक्त एक अंतिम चाचणी राहिलीय. तिला एकसारख्या जाडीचं लाकूड लागतं, नाहीतर कुणावर तरी अन्याय होतो. घरभर शोधलं. शेवटी सापडलं.
शिडी. चौदा पायऱ्या, सगळ्या सारख्या. आत्या पाच, जावई पाच, साहेब चार.
निकाल: तिन्ही उत्तम कापतात.
अडचण एकच. पहिल्या फांदीपर्यंत चढायला शिडी लागते. आता ती नाही. माझा अगदी नाइलाज झाला. पुष्कळ दिवसांनी गाढ झोप लागेल असं वाटतं.

शनिवार, ३० मे
शिडीचे तुकडे मी सरपणात नीट रचले होते, तरी बायकोने ओळखले. ओरडली नाही. म्हणाली, उद्या सकाळी सातला शाळेत चला, दोर धरायला.
कोणाचा, असं विचारलं. तिने पिशवीतून एक कागद काढला. झाडावर चढण्याचं प्रशिक्षण, चार आठवडे, मंगळवार-शुक्रवार. खाली तिचं नाव, शिक्का. दोनदा वाचला. शिक्का खरा आहे.
म्हटलं, आधी विचारायचं तरी. म्हणाली, काय विचारायचं? फेब्रुवारीत तुमचे हात कसे कापत होते ते दोरातून माझ्या हातात येत होतं.

रविवार, ३१ मे. दुपारी १२
गेलो. तिने बारीक दोरीला वजन बांधलं, वरच्या फांदीवरून भिरकावलं, मागोमाग मोठा दोर ओढून घेतला आणि चढली. शिडी लागतच नाही म्हणे.
वर पोचल्यावर म्हणाली, मशीन पाठवा. मी तिन्ही ओळीत मांडून ठेवली होती, वही उघडून कोष्टक वाचायला लागलो. म्हणाली, वही राहू दे, आपला जुनाच पाठवा.
पाठवला. तिसऱ्या ओढीला सुरू झाला. फांदीचे चार तुकडे करून एकेक दोराने खाली सोडले. चाळीस मिनिटं.
दोर धरून, मान वर करून उभा होतो. वर तिचा पाय जरा सरकला की इथे माझी मूठ दोरावर आवळली जायची. अठरा वर्षं ती या जागी उभी राहिली आणि मला वाटायचं, खालचं काम काय, कुणीही करेल.
मुख्याध्यापिका येऊन बाकाची पाठ बदलायची मापं घेत होत्या. मी टेप धरायला गेलो नाही. दोर सोडता येत नव्हता.
खाली उतरल्यावर तिने हेल्मेट काढलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, अहो, दोर फार हलत होता.
म्हटलं, वारा होता.
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. वारा नव्हता.