रॉसच्या वाट्याची मंजुरी

प्रिय कर्स्टन,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, सर्दी झालीय. सर्दी नाही. पण ते नंतर. आधी मला तुझ्या बाबांशी भांडू दे. ते गेल्यापासून या घरात भांडायला माणूसच उरलं नाही. इथे डुलुथमध्ये अजून सरोवर गोठलेलंच आहे. शेजारचा हॅरल्ड न सांगता दारातला बर्फ उपसून जातो आणि मग तासभर माझी कॉफी पीत बसतो. त्याच्याशी काय भांडणार!

तुझ्या बाबांनी जन्मभर पाइप जोडले आणि पोटाला चिमटा काढून निवृत्तीचा फंड वाढवला. त्यातला अर्धा वाटा थेट तुला मिळाला. रॉसचा मात्र ट्रस्टमध्ये ठेवला, ट्रस्टीच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येणार नाही असा. छपरावरून पडून पाठ मोडल्यापासून तुझा भाऊ वेदनाशामक गोळ्यांच्या नशेच्या नादी लागलेला. एवढी रक्कम हातात पडली तर तो स्वतःला संपवेल, ही भीती काही खोटी नव्हती. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "बँकेला ट्रस्टी नेमा. दरवर्षी फी घेतील, पण नाही म्हणणारा माणूस परका असेल." यावर आपले महाशय म्हणाले, "घरची पोरगी एवढी हुशार असताना परक्यांना फुकट का चारायचं?" झालं, विषय संपला. ती फी वाचवण्यापायी त्यांनी तुला सख्ख्या भावाच्या डोक्यावर बसवलं. माझा अजून संताप होतो गं.

तू काही चुकली नाहीस. त्याने दातासाठी पैसे मागितले, तू डॉक्टरांचं पत्र मागितलंस. गाडीच्या टायरसाठी मागितले, तू थेट दुकानदाराला दिलेस. नियमाने बरोबरच होतं सगळं. पण चाळिशी उलटलेला माणूस दुखरा दात धरून बहिणीच्या उत्तराची वाट बघत बसतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाल्यावर तो ताट पुढे करून म्हणाला, "मॅडम, अजून एक बटाटा मंजूर कराल का?" सगळे हसले. तू हसली नाहीस. भांडी घासायच्या निमित्ताने आत गेलीस ती बाहेर आलीच नाहीस, आणि सकाळी डेन्व्हरचं विमान पकडलंस. तोही त्या रात्री न जेवता गेला. दोघंही माझीच पोरं, कुणाची समजूत काढू?

लहानपणी तो स्केट्सच्या नाड्या तुझ्याशिवाय कुणाला बांधू द्यायचा नाही. मी वाकले की पाय आखडून घ्यायचा, "कर्स्टन कुठाय?" म्हणून भोकाड पसरायचा. थंडीने तुझी बोटं लाल व्हायची, तू चिडायचीस, त्याला गाढव म्हणायचीस आणि बांधून द्यायचीस. त्याला ते गाढव ऐकायला आवडायचं. आता तू त्याच्याशी किती सभ्यपणे बोलतेस! मला ते ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात तो पुन्हा इस्पितळात होता. तुला कळवू नकोस म्हणाला, म्हणून कळवलं नाही. नर्सने विचारलं, आईशिवाय जवळचं कुणी? बहीण-भाऊ? मी शेजारीच उभी होते. तो म्हणाला, "बहीण होती. आता ट्रस्टी आहे."

माझं यकृत गेलंय, कर्स्टन. उन्हाळा बघेन असं डॉक्टरांना वाटत नाही. तू रडशील, ये, माझ्याजवळ बसून रड. पण त्याआधी एक काम कर. ट्रस्टीपणाचा राजीनामा दे. मी वकीलबाईंना विचारलंय, तू सोडलंस की बँक येते. घेऊ दे त्यांना फी, बाबांना काय सांगायचं ते मी वर जाऊन सांगेन. आजाराचं रॉसला मी स्वतःच सांगणार आहे. मी गेल्याचं मात्र मला सांगता येणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल. आज तुझं नाव दिसलं की तो फोन उचलत नाही, त्याला वाटतं पुन्हा कशाला तरी नकार आला. त्या दिवशी त्याने तो उचलायला हवा.

तुझीच,
भांडकुदळ आई