मेधाच्या सॉरेलच्या बारा बाटल्या

५ डिसेंबर २०२१, वॉलॉंगॉंग
उर्वीचा गुंगालिनहून फोन. बाबा, आर यू ईटिंग? अर्थात खातो. ब्रेड पौष्टिक असतो. मेधाला, तिच्या आईला, जाऊन साडेचार महिने झाले, मी पूर्ण सावरलो आहे, असं तिला सांगितलं.

एक निर्णय घेतला. मेधा दर ख्रिसमसला हॉस्पिटलमधल्या तिच्या वॉर्डसाठी सॉरेलच्या बारा बाटल्या करायची. सॉरेल म्हणजे जमैकाचं लाल सरबत. सुकवलेली अंबाडीची बोंडं, आलं, लवंग, साखर. तिला ते मर्लीनने शिकवलं. मर्लीन त्याच वॉर्डातली जमैकन नर्स. मेधा तिला मर्लीनताई म्हणायची. यंदा बाटल्या मी करणार. एवढी एक गोष्ट मेधाबरोबर थांबता कामा नये.

७ डिसेंबर
मर्लीनचा फोन. म्हणाली, भास्कर डार्लिंग, शनिवारी येते, दोघं मिळून करू. मी म्हटलं, नो वरीज, मला सगळं येतं, अकरा वर्षं मेधाच्या शेजारी उभा होतो. (म्हणजे त्याच घरात. मीटिंगमध्ये.) शिवाय ओमिक्रॉन आलाय. ती म्हणाली, मास्क लावते, तू खिडक्या उघड. मी म्हटलं, बघू.

कोणी आलं की खुर्चीवरची मेधाची ड्युटीची बॅग हलवावी लागेल. उगाच कशाला.

१० डिसेंबर
क्वेकर्स हिलच्या इंडियन दुकानात ऑनलाइन ऑर्डर. अंबाडी संपली आहे. मी इंजिनिअर आहे, लगेच पर्याय शोधला. जास्वंद पावडर. दोन्ही एकाच कुळातली. पावडर म्हणजे भिजवायचा वेळही वाचेल. हे मेधाला कधी सुचलं नाही.

१४ डिसेंबर, सकाळी ७
पार्सल आलं. प्लांटला सिक लीव्ह कळवली. आलं किसताना डोळ्यांत पाणी. आल्याने असं होतं.

दुपारी ३
रंग लाल हवा. चहाच्या चोथ्यासारखा आलाय. थंड झाल्यावर लाल होईल.

संध्याकाळी ६
झाला नाही. पण चांगलं दाट आहे. थोडं बुळबुळीत. चव घेतली नाही. प्रमाण बरोबर असल्यावर चव घ्यायची गरज नसते.

१७ डिसेंबर
बारा बाटल्या हॉस्पिटलच्या गेटवर सिक्युरिटीकडे दिल्या. आत कोणाला सोडत नाहीत. बरं झालं. प्रत्येक बाटलीवर लेबल: मेधाकडून. उर्वीला फोटो पाठवला. अंगठा आला.

१८ डिसेंबर
मर्लीनचा फोन. आधी बराच वेळ खोकली. की हसली, कळेना. मग विचारलं, डार्लिंग, हे प्यायचं की केसांना लावायचं?

कचऱ्यातून पाकीट काढलं. मागे लिहिलंय, फक्त केसांसाठी. छपाई फार बारीक आहे. तक्रार करणार आहे.

वॉर्डात एका नव्या डॉक्टरने अर्धा कप घेतला म्हणे, आणि 'इंटरेस्टिंग' म्हणाला. तो ठीक आहे. मर्लीन म्हणाली, मेधा असती तर हसून हसून खाली बसली असती. मी फोन ठेवला. नेटवर्क खराब होतं.

२४ डिसेंबर
मर्लीन न विचारताच आली. बॅकयार्डमध्ये दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या. तिने बाटली काढली. लालभडक. म्हणाली, ही माझी पद्धत नाही, मेधाची. आलं दुप्पट. सॉरेल मी तिला शिकवलं आणि ती मलाच सुधारायची, अशी तुझी बायको.

ग्लास भरून दिला आणि माझ्याकडे बघत बसली. मी प्यायलो. तिने विचारलं, तशीच चव आहे ना? मी म्हटलं, अगदी तशीच. तिने डोळे पुसले आणि मास्क परत वर घेतला.

मर्लीन परत गेल्यापासून इथेच बसलो आहे. दर ख्रिसमसला मेधा पहिला ग्लास माझ्या टेबलावर आणायची. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचो, ठेव, घेतो. संध्याकाळी ती तो तसाच उचलून सिंकमध्ये ओतायची.

आज पहिल्यांदा प्यायलो. बरंच आंबट आहे. तशीच चव आहे का, मला माहीत नाही.