दक्षिणेचा खड्डा

शुक्र. ९ जाने.
पुढच्या आठवड्यात यंत्र लावायच्या ठिकाणांची यादी आली. ठिकाण क्र. ४१ आक्काच्या सासरच्या माळावर पडलंय. नकाशावर तीनदा बघितलं. तेच. आमच्या तुकडीच्या नायर सरांना सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीची जमीन आहे. सर म्हणाले, 'फिर तो परमिशन हो गई समझो.'
आक्काकडे वर्षभर पाऊल टाकलेलं नाही. तिचं बाळ गेलं तेव्हा मी शिरवळला कंपनीत होतो, सुट्टी मिळाली नाही. मागितली एकदाच. दुसऱ्यांदा मागितली असती तर...

शनि. १० जाने.
परवानगीला गेलो. जतच्या पूर्वेची शेवटची वस्ती. दाजी आणि त्यांचे वडील (मी त्यांना मामा म्हणतो) मेंढरांच्या वाड्यात कोकरं बघत होते. या भागात आम्हाला सगळे नारळावर पाणी बघणारे पाणाडेच समजतात. दाजी हसून म्हणाले, 'पावनं, नारळ आणलायसा का नुस्ती वायर?'
सांगितलं की पाणी नाही, तेल आणि वायू शोधतोय. खाली काळ्या पाषाणाचा जाड थर आहे. त्याच्या खाली जुना गाळाचा खडक असला तर त्यात तेल असू शकतं. सुरुंग उडवून करायची तपासणी पाषाणात नीट चालत नाही, म्हणून जमिनीत आपोआप वाहणारी वीज आणि चुंबकत्व मोजायचं.
मामा: 'आन् ते निघंस्तवर आमी ऱ्हातूय व्हय?'
दाजी: 'कुठं बी खांदा. निस्ता माळ हाय.' सही केली.
आक्काने चहा दिला. 'वाळलास.' एवढंच बोलली. बाळाचं तिने काढलं नाही, मीही नाही. आठव्या महिन्यात इथेच मोकळी झाली, माहेरी न्यायच्या आधी. मुलगी. नऊ दिवस. बारशाला आई जाणार होती, त्याच्या आतच संपलं, त्यामुळे नावही ठेवलेलं नाही. आमच्याकडच्या कोणीच तिला पाहिलं नाही. घरात हा विषय निघत नाही.

सोम. १२ जाने.
४१ मांडलं. मध्यावर यंत्राची पेटी. तिथून टेपने पन्नास मीटर उ., द., पू., प. चारी टोकांना गुडघाभर खड्डा, त्यात मिठाच्या पाण्यात कालवलेला चिखल, चिखलात वीज मोजायचं मडकं (सर पॉट म्हणतात), वर माती. चुंबकत्व मोजायच्या लांब नळ्या वेगळ्या पुरायच्या. त्या मी लेव्हल लावून पुरल्या, बुडबुडा बरोबर मध्ये.
दक्षिणेला पन्नास मीटर नेमके चार दगडांवर आले. दगड बाजूला केले. माळावर दगडच दगड आहेत. दोन मीटर इकडेतिकडे सरकलं तरी सर चालवून घेतात. मला चालत नाही.
तिथली माती मऊ लागली. खणणारे सखातात्या म्हणाले, 'हितली माती पांढरी हाय गड्या. मीठ फुटलंय जनू.' मी बोटाने चाखून बघितली. खारट.
रोध मोजला. उ. तीन हजार ओहम, पू. अडीच हजार, प. तीन हजार. द. फक्त तीनशे. रोध जितका कमी तितका जमिनीशी संपर्क चांगला. सर म्हणाले, 'सबसे बढ़िया.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'द. – माती खारट. संपर्क उत्तम.' बरं वाटलं.

मंगळ. १३ जाने.
क्रमाने लिहितो.
सकाळी सामान काढत होतो. मामा मेंढरं घेऊन आले आणि दक्षिणेच्या खड्ड्यापाशी थांबले. 'ह्यो दगूड कुणी हलीवला रं?'
मी म्हटलं, मी.
ते खाली बसले. मातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, 'पोरीला हितं ठिवलंय.'
मामाच बोलत राहिले. 'मीठ म्या घातलंतं. कोल्ह्यानं उकरू नये म्हून वर दगडं.'
विचारलं, किती खोल. 'कंबरंएवढं. खाली मुरूम लागला, म्होरं पहार जाईना.' दोनदा विचारलं. दोन्ही वेळा कंबरेएवढं म्हणाले. आमचा खड्डा गुडघाभर. म्हणजे आम्ही पोचलो नाही. पोचलो नसणार.
मी म्हणालो, दाजींनी सांगितलं नाही.
'त्येला काय ठावं? त्यो तवा मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला बसलावता. आला तवर समदं आटापलंतं. त्यानं जागा इचारली न्हाई, म्या बी दावली न्हाई.'
आणि आक्का?
'ती येती कवाकवा. तिला कळू दिऊ नगा, पावनं.'
माती लोटून दोघांनी दगड परत ठेवले. कोणता कुठे होता, कुठली बाजू वर होती, आठवेना. बाकी सगळं मी मोजून लिहिलं होतं, तेवढंच लिहिलं नव्हतं.
ती माती मी चाखली आहे.

गुरु. १५ जाने.
काल संक्रांत झाली. आक्काला फोन करणार होतो, केला नाही.
सरांनी ४१ ची नोंद तपासली. एका नळीचं मोजमाप बिघडलंय, मेंढरं वरून गेली. शनिवारी पुन्हा लावायचं. 'गड्ढे वही. साउथ वाला तो बिल्कुल वही.'
मी म्हणालो, सर, दक्षिणेचा सरकवू या. 'क्यों? इतना अच्छा आया है.' फॉर्मवर रकाना आहे, 'जागा बदलल्याचे कारण'. तो भरल्याशिवाय दोन मीटरपेक्षा जास्त सरकवता येत नाही. पेन हातात धरून उभा राहिलो. मग माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.
सरांनी चष्मा काढून पुसला. 'कितने दिन की थी?'
नौ.
फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, 'पत्थर लिखो.'
मी लिहिलं: 'खडक'.

शनि. १७ जाने.
पुन्हा मांडलं. दक्षिणेचा खड्डा सात मीटर पूर्वेला घेतला. चार हजार ओहम. सरांनी आकडा तसाच लिहून घेतला.
दुपारी आक्का किटली घेऊन आली. तात्यांना चहा दिला, मला दिला, आणि सरळ दगडांकडे गेली. मी मागोमाग. मोठ्या दगडाकडे बघून म्हणाली, 'ह्यो उलटा हाय.'
मी म्हणालो, मेंढरांनी हलवला असेल.
'मेंढरं दगूड उलथत न्हाईत, बाळू.'
मग सांगितलं. टेपचं, पन्नास मीटरचं, मातीचं, मामांचं. चाखल्याचं नाही सांगितलं.
मला वाटलं, ओरडेल. तिने विचारलं, 'दिसली का रं तुला?'
'न्हाई आक्का. नुस्तं मीठ.'
हे ऐकून तिला हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तसं दिसलं नाही. दगडाच्या एका टोकाला हात घालून म्हणाली, 'धर.' दोघांनी उलटला. गुळगुळीत बाजू वर आली. तिने पदराने पुसली.
'म्हायेरचं येक मानूस तरी...' म्हणाली आणि थांबली. मी सुट्टीचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, 'ऱ्हाऊ दे. झालं ते.'
मग आपणहून बोलायला लागली. केस लय होते. उजवी मूठ सोडायची न्हाई. 'नाक आयगत हुतं, शेंड्याला बसकं. आय आलीवती मागनं. चार दिस ऱ्हायली. भाकऱ्या केल्या, लुगडी धुतली. पोरगी कशी हुती म्हून इचारलं न्हाई. तू सांग आयला, कशी हुती ती.'
मी म्हणालो, तूच सांग की.
'म्या सांगितलं तर ती रडंल. मग मलाच तिला गप करावं लागंल. तेवढं न्हाई हुयाचं माज्यानं.'
किटली उचलून गेली. तात्यांनी लांबून विचारलं, 'काय म्हनती बहीन?' चहात साखर कमी झाली म्हणते, असं सांगितलं.

सोम. १९ जाने.
४१ संपलं. नवी नोंद स्वच्छ आली. आलेखातली रेघ पाषाणाखाली वळलीय, गाळाचा थर असू शकतो. सर म्हणाले, 'बिना ड्रिल किए कुछ नहीं बोल सकते.' बुधवारपासून कानडी हद्दीकडची ठिकाणं.
संध्याकाळी आईचा फोन. ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर जाते, तिथलंच सांगत होती. मग, 'आक्काकडं गेलावतास न्हवं? बरी हाय का?' बरी आहे म्हणालो. 'आन् रं?' म्हणाली. मी म्हणालो, रविवारी येतोय. 'ये. पर तू गप का?' नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. नेटवर्क होतं.
समोर बसलो की मला बोलता येत नाही, म्हणून जे सांगायचं ते कागदावर लिहून बघितलं. 'आई, आक्काच्या मुलीचं नाक तुझ्यासारखं होतं.'
मी पाहिलेलं नाही. म्हणून शेवटी 'म्हणे' घातलं. 'होतं म्हणे.'
परत वाचलं. 'म्हणे' खोडलं.