फिंटनच्या घोड्यांची यादी

किल्डेअर, सोमवार

फिंटन, भावा,

तू बजावलं होतंस, "ओर्ला, तुझ्या त्या प्रोग्रॅमची दृष्ट माझ्या शर्यतींना नको हं!" म्हणून तू जॉकी म्हणून बसायचास त्या सगळ्या घोड्यांची नावं मी वगळायच्या यादीत घातली होती. शपथ घेऊन सांगते.

मी त्या प्रोग्रॅमला शर्यतीच्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवून एकच काम करायला शिकवलं होतं. अडथळ्यावर घोडा पडला, की लोकांच्या ध्यानात यायच्या आत सट्टाबाजारात 'हा हरणार' अशी पैज लावून मोकळं व्हायचं.

शनिवारी दुसऱ्या जॉकीचं मनगट मुरगळलं आणि ऐनवेळी त्याच्या घोडीवर तू बसलास. यादीत घोडे होते रे, तू नव्हतास. तुझं नाव घालायचं मला सुचलंच नाही.

कठड्याशी आई "चल, माझ्या राजा!" म्हणून ओरडत होती. तिची किंकाळी फुटायच्या आधी माझ्या फोनवर नफ्याचा हिरवा आकडा उमटला. मी हसले, फिंटन. मग मैदानाकडे पाहिलं.

आज तुला मूठमाती दिल्यावर आईने माझा हात धरला. "मी डोळेच मिटले गं. तू बघत होतीस ना? कुणाची तरी नजर होती ना त्याच्यावर?"

मी "हो" म्हणाले.

ओर्ला