व्याही कुठल्या रकान्यात बसतात?

निलंगा, रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

उमरी मुक्कामी कृषी सेवा केंद्राचे मालक, आमच्या दीपमालाचे सासरे आणि माझे एकुलते एक व्याही श्रीमान शेषेरावजी यांना निलंग्याहून आप्पासाहेबाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आपला उजवा गुडघा आता कसा आहे? विहीणबाई सिंधुताईंनी साखर तपासली का? सोयाबीनच्या बियाण्याची गर्दी ओसरली असेल, तेव्हा हे पत्र खुर्चीत टेकून सावकाश वाचावं. इकडे सगळं क्षेम आहे. (माझं डोकं सोडून, पण त्याचं पुढे येईलच.) आजच्या काळात पत्र कशाला, फोन का नाही, असं आपण म्हणाल. व्याहीसाहेब, आपण फोन उचलला की स्पीकरवर टाकता आणि दुकानात बसलेली दहा गिऱ्हाइकं माझी तब्येत विचारतात. आजचा विषय दहा जणांपुढे बोलण्यासारखा नाही.

पहिलं आणि निकडीचं सांगतो. दीपमालाकडून कळलं, की मी मोबाइलवरून पाठवलेल्या क्रिप्टोच्या आहेराच्या बदल्यात आपण परतीचा आहेर म्हणून मला एक लाख एक हजार रुपयांचं क्रिप्टो पाठवणार आहात. ते बटण निदान हे पत्र संपेपर्यंत दाबू नका. आपल्या मनाचा मोठेपणा मी जाणून आहे. लग्नात आपल्याला बांधलेला फेटा नवरदेवाच्या मामाच्या फेट्यापेक्षा हलका निघाला, तेव्हापासून चौदा महिने आपण निलंग्याच्या वेशीत पाऊल टाकलं नव्हतं. पोरगी माहेरी आली की तोंडातून काही काढायची नाही, पण तिची आई केवळाबाई तिच्याकडे पाहायची आणि रात्री मला पाहून घ्यायची. मग मोबाइलवरून तो आहेर गेला आणि दोनच दिवसांत आपण आंब्याची पेटी घेऊन दारात उभे! मला मिठी मारली! केवळाबाईने त्या दिवशी मला न मागता चहा दिला. तो गोडवा मोडू नये म्हणूनच ही लेखणी हातात घेतली आहे.

अधिक महिन्यात वाण जावयाला देतात, व्याह्याला नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. तरी आपल्यालाच का पाठवलं, ते मागाहून सांगतो. आधी ते घेताना माझी काय गत झाली ती ऐका. जावई सत्यमरावांनी बजावलं होतं, की सरकारदरबारी नोंद असलेल्याच कंपनीत खातं काढा, टेलिग्रामवर दामदुप्पट सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. मी कायद्याने चालणारा माणूस, बत्तीस वर्षं शाळेत हजेरीपट सांभाळला. खातं काढायला बसलो तर पॅन कार्डावर माझ्या नावात एक ‘पी’ आणि आधारवर दोन. यंत्राने सांगितलं की हे दोन वेगळे इसम आहेत. (तो एक ‘पी’ खाणारा कारकून माझाच विद्यार्थी निघाला, म्हणून तक्रार केली नाही.) ती दुरुस्ती व्हायला तीन आठवडे गेले. मग मोबाइल म्हणाला, चेहरा दाखवा, डोळे मिचकावा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी मिचकावतोय, त्याला पटत नाही. अर्धा तास मी ओसरीवर बसून डोळे मिचकावत होतो आणि समोरून जाणाऱ्या साखराबाईने ते स्वतःला मारलेले डोळे समजून माझ्या घरात कळवलं. त्याचा खुलासा करण्यात आणखी एक दिवस गेला. शेवटी बँकेतून पैसे भरून मी खरेदी केली, तेव्हा केवळाबाई देवापुढे हळदी-कुंकू घेऊन उभी. नाणं कुठंय, म्हणाली. मी मोबाइल पुढे केला. तिने त्यालाच कुंकू लावलं. स्पीकरच्या जाळीत ते अजून आहे.

आता कराचं. आपल्याला आहेर पोचल्यावर मी सहज लातूरला नागसेनकडे गेलो. नागसेन म्हणजे माझा जुना विद्यार्थी, आज मोठा कर सल्लागार. त्याने मला असं समजावलं, की या चलनाला आपल्याकडे रुपयासारखी मान्यता नाही, बंदीही नाही, कर मात्र आहे. नफ्यावर सरळ तीस टक्के, वर उपकर. विकताना एक टक्का आधीच कापून जातो, तो नंतर विवरणपत्रात दाखवून हिशेबात धरता येतो. मी सराव म्हणून आधी पाचशे रुपयांचं कुत्र्याच्या चित्राचं एक नाणं घेतलं होतं, त्याचे तीनशे दहा झाले. तो तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करू म्हटलं, तर नाही. पेन्शनमधून? नाही. पुढच्या वर्षी? तेही नाही. म्हणजे नफा झाला तर सरकार भागीदार आणि तोटा झाला की ते ओळख दाखवत नाही. नागसेन म्हणाला, ‘‘सर, तुमचं कुत्रं तुम्हालाच सांभाळायचं हाय.’’

निघता निघता मी अभिमानाने सांगितलं, की मी व्याह्यांना एक्कावन्न हजारांची भेट दिली. नागसेनच्या हातातला पेन थांबला. किती, म्हणाला. एक्कावन्न. पन्नास देऊन बघा, आपल्याकडे कोण देतं? शून्यावर आहेर संपवायचा नसतो, वर काहीतरी ठेवायचं, हे मी त्याला समजावू लागलो. तर तो म्हणाला, की वर्षभरात परक्याकडून आलेली भेट पन्नास हजारांपर्यंत असेल तर कर नाही, वर गेली की नुसत्या वरच्या हजारावर नाही, सगळ्या एक्कावन्न हजारांवर घेणाऱ्याला कर. मी म्हटलं, परक्याकडून ना? आम्ही तर व्याही! तेव्हा त्याने नातेवाइकांची यादी वाचून दाखवली. नवरा-बायको, भाऊ-बहीण, बायकोचे भाऊ-बहीण, आई-बापाचे भाऊ-बहीण, वरच्या आणि खालच्या सगळ्या पिढ्या, शिवाय या सगळ्यांचे नवरे आणि बायका. व्याहीसाहेब, यात साडू बसतो! औशाचा माझा साडू, ज्याच्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नाही, तो कायद्याने माझा नातेवाईक. आणि आपण, ज्यांच्या घरात माझी लेक आहे, ते परके. मी ती यादी दोनदा वाचून घेतली. व्याही कुठेच नाहीत. मला खरंच वाईट वाटलं, चहासुद्धा अर्धा ठेवून उठलो.

तर मुद्दा असा. त्या आहेराचा भाव आता उतरला असला तरी आपल्याला तो मिळाला त्या दिवशीच्या किमतीवर, आपल्या मिळकतीच्या टप्प्याने कर बसेल. आपलं दुकान चांगलं चालतं, त्यामुळे टप्पाही चांगलाच. आणि आपण परतीचा आहेर पाठवलात तर परक्याची भेट म्हणून तोच प्रकार माझ्याकडे. (मी अजून जुन्याच करपद्धतीत आहे, कारण विम्याच्या एजंटाला कधी नाही म्हणता आलं नाही.) मग मी त्याच्यावर वर काहीतरी ठेवून परत करणार, आपण आणखी वर ठेवणार, आणि आपल्या दोघांच्या मानपानावर सरकारचा एखादा पूल बांधून होईल. म्हणून कृपा करून परत काही पाठवू नये. गणपतीत इकडे या, चार दिवस राहा. जेवू घालण्यावर अजून कर नाही.

विहीणबाईंना नमस्कार, सत्यमराव आणि दीपमालाला आशीर्वाद. पत्रातलं कमीजास्त पोटात घालावं.

आपला (कायद्याने कोणीही नसलेला)
आप्पासाहेब

ता. क. १ : आपल्याला बसणारा कर मी देणं लागतो, पण मी दिले तर तेही परक्याचेच पैसे. नागसेनने वाट काढली. बाप लेकीला देऊ शकतो, सून सासऱ्याला देऊ शकते, दोन्हीकडे कर नाही. तेव्हा दीपमालाने हातावर काही ठेवलं तर कुठून आले विचारू नका. तुमच्या-माझ्यात कायदा ज्या एका माणसाला दोन्हीकडून आपलं मानतो ती आपली दीपमाला आहे.

ता. क. २ : आता लपवत नाही. ते वाण सत्यमरावांचं होतं. अंगठी नको, क्रिप्टो द्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. आपणही क्रिप्टोचं नवीन खातं काढल्याच्या आनंदात त्या खात्याचा पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला होता. मी दोन्ही पत्ते मोबाइलमध्ये जपून ठेवले. मान म्हणून आपल्याला ‘उमरी एक’ नाव दिलं आणि जावयाला ‘उमरी दोन’. पाठवताना सवयीने पहिल्यावर बोट गेलं. आपण मिठी मारलीत त्या दिवसापासून मला हे गिळवत नाही. न कमावलेला मान घेतल्यासारखं वाटतं. पण एवढं खरं, की आज पुन्हा पाठवायचं झालं तर जाणूनबुजून तेच बोट तिथेच ठेवीन.

ता. क. ३ : ही चूक माझ्या लक्षात आली त्याच संध्याकाळी मी सत्यमरावांना फोन केला होता. ते म्हणाले, ‘‘मामा, राहू द्या. आबा लई खुश हायेत. सगळ्या बाजारात मोबाइल दाखवत फिरून राहिलेत. त्यांना सांगू नका, मला काई नको.’’ मी शब्द दिला होता, तो आज मोडला. तेव्हा हे पत्र कपाटात आत सारा, आणि संध्याकाळी पोरगा दुकानावर आला की त्याला ऐकू जाईल अशा आवाजात गिऱ्हाइकांना सांगा, की आमच्या निलंग्याच्या व्याह्याने हा आहेर खास मलाच केलाय.